मुंबईची सहल: नाटक धरून फिरायचं की फिरणं धरून नाटक?

सुरंगी (देवगड)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन मुंबईला जायचं ठरतंय. गुरुवारी सकाळी पोचायचं, सोमवारी रात्री परत निघायचं. मोहोर आला की बाबा बागेतून हलत नाहीत, आणि गावची जत्रा चुकवणं त्यांना मान्य नाही. म्हणून मधले हेच दिवस मोकळे सापडलेत.

आईबाबा मुंबईला यापूर्वी गेलेत, पण लग्नाला, बारशाला आणि दवाखान्याला. मुंबई बघायला म्हणून कधीच नाही. बाबा तरुणपणी गावच्या नाटकांत कामं करायचे. गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला, जमेल तेव्हा. पण शिवाजी मंदिरात बसून त्यांनी एकही प्रयोग पाहिलेला नाही. आईला राणीची बाग, गेटवे आणि "ते मोठं व्हीटी स्टेशन" नीट थांबून बघायचंय.

माझं मत असं की आधी नाटकांची तिकिटं काढावीत आणि त्याभोवती बाकीचं फिरणं बसवावं. माझा भाऊ म्हणतो, नाटकं दौऱ्यावर इकडेही येतात, मुंबईला जाऊन तीन-तीन तास बंद हॉलमध्ये कशाला बसायचं? तुम्ही काय केलंत, काय करता? आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, हे लक्षात घेऊन सांगा.

हर्णैकर

नाटक आधी. शंभर टक्के.

पाणंद

भावाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हो. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात, मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात चांगले प्रयोग होतात. राज्य नाट्य स्पर्धेतली आमच्या भागातल्या संघांची नाटकं मी दरवर्षी बघतो, आणि काही प्रयोग व्यावसायिक नाटकांच्या तोडीचे असतात. मुंबईत वेळ थोडा असेल तर जे इथे नाही ते बघावं. घारापुरीची लेणी इथे येणार नाहीत, म्युझियम इथे येणार नाही. नाटक येईल.

तिसरी_घंटा

@पाणंद, नाटक येईल, पण ते नाट्यगृह येणार नाही ना. दौऱ्यावर नेपथ्य आटोपशीर करावं लागतं, दिवे मोजके असतात, कलाकार रात्रभर प्रवास करून आलेले असतात. तेच नाटक दादरला शनिवारी रात्री भरलेल्या प्रेक्षागृहात बघा. तिथला प्रेक्षक नाटक बघण्यात मुरलेला असतो. कुठल्या वाक्यानंतर श्वास रोखायचा हे त्याला कळतं आणि नटालाही ते कळतं. ती देवाणघेवाण अनुभवायची तर तिथेच जायला हवं.

सुरंगी, व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, शनिवार-रविवारच्या अंकांत भरपूर. ऑनलाइन तिकिटं मिळतात, पण आसनांचा नकाशा नीट बघून घ्या. बाल्कनी टाळा, जिने चढावे लागतात. बाबांसाठी चौथी ते आठवी रांग आणि मंचाकडे तोंड करून उजव्या बाजूची आसनं घ्या, म्हणजे त्यांचा चांगला डावा कान मंचाकडे राहील. आईसाठी कडेची खुर्ची, पाय लांब करता येतो. एसी जोरात असतो, शाल न्याच. तिकीट साधारण 300 ते 500 रुपयांपर्यंत असतं. दुपारचा प्रयोग चारच्या सुमाराला, रात्रीचा आठ-साडेआठला. ज्येष्ठांना घेऊन दुपारचा बरा, गर्दी होण्याआधी खोलीवर पोचता येतं.

चवथीचो_चाकरमानी (मालवण, सध्या लालबाग)

गो सुरंगी, एक सांगान ठेवतंय. पयल्या दिसाक काय एक ठरव नको. रात्रभर गाडयेन येवक झाला काय म्हाताऱ्या माणसांचा आंग मोडान जाता. आंघोळ, जेवण, झोप, आणि सांजच्या वक्ताक शिवाजी पार्कात नायतर दादरच्या चौपाटीर बसवन ठेव. दुसऱ्या दिसापासून मुंबय दाखय.

आणि ऱ्हवक दादरातच बघ. कणकवलीसून तुतारी पकडलंस तर ती थेट दादराकच येता.

सुरंगी (देवगड)

तुतारीच! हे छान सांगितलंत. मी कोकणकन्या धरून चालले होते.

मालगुंडची_मुलगी

तुतारी म्हणजे आमची गाडी 🙂 केशवसुतांच्या कवितेवरून नाव दिलंय, आणि केशवसुत मालगुंडचे. 2017 पर्यंत ही राज्यराणी होती. आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 दिवस असायचं. दोघांसाठी खालचे बर्थ हवे असतील तर सकाळी आठला आरक्षण उघडताच बसा. आणि परतीला उलटं करा, रात्री सीएसएमटीहून, म्हणजे जुन्या व्हीटीहून, कोकणकन्या. गाडीच्या आधी तासभर जाऊन स्टेशन दिव्यांत बघता येईल, काकूंची इच्छा तिथेच पुरी.

गिरगावकर_काका

मूळ गाव गुहागरजवळ, जन्म आणि आयुष्य गिरगावात. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आईंना व्हीटी बघायचंय, तर ते कसं बघावं ते सांगतो. स्टेशनात शिरू नका आधी. समोर महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहा. दोन्ही इमारती एकाच माणसाने उभ्या केल्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. स्टेशन 1888 साली पुरं झालं, महापालिका 1893 साली. मग स्टेशनच्या दर्शनी भागावर नजर फिरवा. दगडात कोरलेले प्राणी, पक्षी, पानं, माणसांचे चेहरे. रोज लाखो लोक त्याखालून धावतात आणि वर बघत नाहीत. आईंना वर बघायला लावा, अर्धा तास सहज जाईल. 2004 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

तिथून टॅक्सीने म्युझियम. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स. गेटवे आणि हे म्युझियम, दोन्हींचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे 1924 साली खुला झाला. म्युझियमपासून गेटवे जवळ आहे, दोन्ही एका सकाळी होतात.

आता नाटकाबद्दल. ऑपेरा हाउस बाहेरून तरी दाखवाच. 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा काम अजून चालूच होतं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ तिथे गायले. पुढे सिनेमा थिएटर झालं, 1993 साली बंद पडलं आणि आम्ही ते वर्षानुवर्षं काळवंडताना पाहिलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी ते पुन्हा उभं केलं आणि 2016 साली ते उघडलं. मी आत गेलो तेव्हा सज्जे, छत, सोनेरी नक्षी बघत बराच वेळ नुसता बसून राहिलो. तुमच्या दिवसांत तिथे कार्यक्रम असेल तर कुठलाही असो, तिकीट काढा. वास्तूसाठी जा.

आणि केळेवाडीतलं साहित्य संघ मंदिर. मोठं चकचकीत नाही. पण मराठी नाटकावर जीव असणाऱ्या माणसाने तिथे एकदा बसावं.

पाणंद

काका, तुम्ही लिहिलेलं वाचून माझाच बेत ठरतोय. पण घारापुरी कुणीच धरत नाहीये. सदाशिवाची ती त्रिमुखी मूर्ती सहा मीटरच्या आसपास उंच आहे. फोटोत तिचा अंदाज येतच नाही.

निळी_खाडी (दापोली)

@पाणंद, मूर्तीबद्दल सहमत, पण लॉन्चमध्ये चढणं-उतरणं आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्यांना अवघड. डोलीवाले असतात, पण माझ्या आईने डोलीत बसायला साफ नकार दिला. दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून देवदर्शन नको म्हणाली. सोमवारी लेणी बंद असतात, तेही लक्षात ठेवा.

पर्याय आहे. घारापुरीची काही शिल्पं काकांनी सांगितलेल्या म्युझियममध्येच आहेत. आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. राणीच्या बागेला लागूनच. म्हणजे काकूंची राणीची बागही झाली. बुधवारी दोन्ही बंद, तुम्ही गुरुवारी पोचताय म्हणजे प्रश्न नाही.

आणि हे संग्रहालय आतून बघाच. 1872 साली लोकांसाठी उघडलं. जुन्या मुंबईतल्या माणसांचे, त्यांच्या पोशाखांचे आणि धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. माझी आई प्रत्येकासमोर थांबून पगड्या ओळखत होती.

तिसरी_घंटा

भाऊ दाजींचं नाव निघालं म्हणून. संग्रहालयाला नाव असलेले हे डॉक्टर आणि नाना शंकरशेट, दोघांचंही मुंबईच्या नाटकावर ऋण आहे. ग्रँट रोडला 1846 साली जे थिएटर उभं राहिलं ते नानांच्या जागेवर. सांगलीत 1843 साली पहिला प्रयोग करणारे विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन 1853 साली मुंबईला आले ते याच थिएटरात खेळले. सुरंगी, बाबांना भायखळ्याला नेशील तेव्हा हे सांग. नाटकात काम केलेल्या माणसाला ती जागा वेगळी दिसेल.

पायपेटी (कुडाळ)

सगळ्यांचा मान राखून वेगळं बोलतो. आपण कोकणातली माणसं "जिवंत नाटक बघायला मुंबईला जायचं" म्हणतो तेव्हा मला वाईट वाटतं. कार्तिकानंतर आपल्या तळकोकणात रोज कुठल्या ना कुठल्या देवळासमोर दशावतार उभा असतो. लिखित संहिता नाही. आख्यान ठरतं, कुणी काय करायचं ते ठरतं, आणि पहाटेपर्यंत संवाद जागच्या जागी जन्माला येतात. पेटी, मृदंग, झांज एवढ्यावर नट राजा होतो, राक्षस होतो, साडी नेसून उभा राहिला की राणी होतो. यापेक्षा जिवंत ते काय? मी स्वतः पेटीवर साथ करतो. नट गाता गाता कुठे वळेल हे मला त्याच्या मानेवरून ओळखावं लागतं.

तिसरी_घंटा

दादा, तुमच्या साथीला नमस्कार. दशावतार कमी असं कुणीच म्हणत नाहीये. बाबा जत्रा चुकवत नाहीत असं सुरंगीने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, म्हणजे त्यांचा दशावतार ठरलेला आहे. हे दोन वेगळे खेळ आहेत. दशावतारात नट आपल्या हिमतीवर शब्द घडवतो. मुंबईच्या नाटकात लेखकाचा प्रत्येक शब्द, दिग्दर्शकाची प्रत्येक हालचाल ठरलेली असते आणि त्या चौकटीत नटाला रोज नव्याने जगायचं असतं. ज्याने एक आयुष्यभर पाहिलंय त्याला दुसऱ्यातलं कसब जास्त कळतं.

पायपेटी (कुडाळ)

हे पटलं. बाबांना नाटक बघून काय वाटलं ते मात्र इथे लिहा, सुरंगीताई.

वाडीवरचा (संगमेश्वर)

दशावतारावरून आठवलं. आमच्याकडच्या नमन आणि शक्ती-तुरा या लोककलांचा खेळ मी लहानपणी जितका गावात पाहिला तितकाच परळच्या दामोदर हॉलमध्ये पाहिला. वडील गिरणीत होते. शनिवारी रात्री अख्खी वाडी परळला जमायची. गावात एकमेकांशी न बोलणारे तिथे शेजारी बसायचे. तो हॉल 1922 सालचा, सोशल सर्व्हिस लीगचा. लीग काढणारे ना. म. जोशी हेही आपल्या कोकणातले, रायगडातल्या गोरेगावचे. कामगारांना शिक्षण हवं तसं नाटकही हवं, हे तेव्हा कुणाला तरी वाटलं. 2023 च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी हॉल बंद झाला. नवी इमारत कशीही होवो, आत नाट्यगृह पूर्वीइतकं मोठं असलं पाहिजे आणि नमन मंडळांना परवडेल असं भाडं असलं पाहिजे. हे माझं ठाम म्हणणं आहे.

चवथीचो_चाकरमानी (मालवण, सध्या लालबाग)

+१. आमच्या मंडळाचे नाटक थंयच होयत. आता तारीख मिळवक लांब जावचा लागता.

आगोट

विषय थोडा वळवतो. कुणी पृथ्वी थिएटरबद्दल लिहिलं नाही? जुहूला आहे, 1978 पासून. जेमतेम दोनशे माणसं बसतात, मंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक. नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. कमी ऐकू येणाऱ्या बाबांना तिथे सगळं ऐकू जाईल. बीकेसीला अंबानींचं नवं कल्चरल सेंटर झालंय, त्यातलं मोठं थिएटर 2000 आसनांचं. परदेशी संगीतिका येतात तिथे. एकदा बघावं असं मंचतंत्र.

निळी_खाडी (दापोली)

पृथ्वीला बहुतेक हिंदी-इंग्रजी असतं, मराठी कमी. आसनं राखीव नसतात, रांग लावून आत जायचं, आणि नाटक सुरू झालं की दार बंद. जुहूचा रहदारीचा प्रवास धरून ज्येष्ठांना दगदग होईल. तरुण मंडळींनी जरूर जावं. बीकेसीची तिकिटं आमच्यासारख्यांच्या खिशाला जड. तेवढ्या पैशात तिघांची दोन मराठी नाटकं होतात.

माडाची_सावली (वेंगुर्ला)

मी फक्त वाचते इथे, पण यावर लिहायचंच होतं.

माझे वडील गावच्या नाटकांचे प्रॉम्प्टर. मंचावर कधी आले नाहीत, पण विंगेत हातात वही घेऊन सगळी पात्रं त्यांनी सांभाळली. आम्ही त्यांना पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात एका जुन्या संगीत नाटकाच्या प्रयोगाला नेलं. पहिला अंक सुरू झाला आणि माझ्या शेजारून कुजबूज ऐकू यायला लागली. वडील प्रत्येक पात्राचं वाक्य त्याच्या अर्ध्या श्वासाआधी पुटपुटत होते. मी त्यांचा हात दाबला. पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळल्या. मला वाटलं ओरडणार. मध्यंतरात त्या येऊन वडिलांना म्हणाल्या, "तुम्ही नाटकात होतात का?" वडिलांनी मान हलवली, "विंगेत." मग मध्यंतर संपेपर्यंत दोघं पदांवरच बोलत होते. चहा घ्यायचाही राहिला.

प्रयोग संपल्यावर माझ्या नवऱ्याने विचारून त्यांना रंगपटात नेलं. मराठी नाटकात ही फार सुंदर रीत आहे, प्रेक्षक आत जाऊन नटांना भेटतात, कुणी सहसा अडवत नाही. नायकाचं काम करणारा मुलगा रंग पुसत होता. वडिलांनी त्याला एवढंच सांगितलं की दुसऱ्या अंकातली अमुक ओळ तू गाळलीस. तो मुलगा चकित झाला, मग त्याने वाकून नमस्कार केला. म्हणाला, ती ओळ आम्ही कापली आहे, आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सुरंगी, बाबांना रंगपटात नक्की ने. गर्दी ओसरू दे, मग जा.

हर्णैकर

हे वाचून डोळे भरले. सकाळी नऊ वाजता. ऑफिसात.

सुरंगी (देवगड)

माडाची_सावली, तुमची पोस्ट बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. चष्मा काढून बसले होते. मग म्हणाले, प्रॉम्प्टर नसेल तर नट काय करणार. भावालाही वाचायला दिली, तो आता म्हणतो मीपण येतो!

गिरगावकर_काका

मग बेत पक्का करा. रविवारी लोकलच्या मार्गांवर मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी लांबचं नाटक ठेवू नका. भूमिगत मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आहे. दादर, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक ही स्टेशनं एकाच मार्गावर आहेत. लिफ्ट आहेत, गर्दी लोकलपेक्षा कमी. आईंच्या गुडघ्यांसाठी याहून सोयीचं काही नाही. सीएसएमटीहून एनसीपीएपर्यंत डबलडेकरही धावते, आता एसी असते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर फोर्ट भाग बघायला तेवढी फेरी पुरते. पण वर चढायला जिना आहे, आईंना जमेल का ते बघा.

आगोट

खाण्याचं कुणी बोलत नाही म्हणजे काय! शिवाजी मंदिराच्या परिसरात दुपारच्या प्रयोगाआधी प्रकाशमध्ये साबुदाणावडा आणि पीयूष, नाहीतर आस्वादमध्ये मिसळ. आणि मध्यंतरात नाट्यगृहातला बटाटावडा. बाबांना तो खायला घालाच, त्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही.

सुरंगी (देवगड)

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय.

गुरुवारी तुतारीने दादर, आराम, संध्याकाळी चौपाटी. शुक्रवारी मेट्रोने सीएसएमटी, मग म्युझियम आणि गेटवे. शनिवारी सकाळी काही नाही, दुपारी शिवाजी मंदिर. रविवारी सकाळी भायखळा, तो दगडी हत्ती, संग्रहालय, राणीची बाग. संध्याकाळी साहित्य संघात प्रयोग असला तर तो, नाहीतर माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर. सोमवारी ऑपेरा हाउस, गिरगाव चौपाटी, आणि रात्री कोकणकन्या. घारापुरी मी आणि भाऊ पुन्हा कधीतरी करू, पाणंददादा रागावू नका.

शनिवारचं नाटक कौटुंबिक घ्यायचं की गंभीर, यावर आमच्या घरी दोन तट पडलेत. आई म्हणते हसवणारं हवं, बाबा म्हणतात ज्यात काम बघायला मिळेल असं हवं.

तिसरी_घंटा

शनिवारी बाबांचं, रविवारी आईचं. आणि बाबांच्या नाटकाची आसनं आजच बघ, चौथी-पाचवी रांग लवकर जाते.

पाणंद

रागावलो नाही. तुम्ही दोघं घारापुरीला निघाल तेव्हा कळवा, मी येतो. आणि साहित्य संघाचा त्या रविवारचा प्रयोग कुणाला कळला तर इथे टाका, मलाही त्या सुमारास मुंबईत काम आहे.

गिरगावकर_काका

मी रोज संध्याकाळी तिथूनच जातो. फलक लागला की फोटो टाकतो.